जड झालेला कासरा

कोल्हापुराहून पश्चिमेस निघालेला रस्ता कळे आणि साळवण ही गावे मागे टाकीत, कुंभी नदीच्या खोऱ्यातून वर चढत सुमारे ५५ किलोमीटरांची मजल पुरी करतो, तेव्हा तो सह्याद्रीच्या अगदी कडेवर येऊन पोहोचतो. आणि करूळ व भुईबावडा अशा दोन घाटवाटांनी कोकणात उतरण्यापूर्वी ज्या गावात तो क्षणभर विसावतो, ते गाव म्हणजे गगनबावडा. डोक्यावर गगनगड, पायाखाली जांभ्याची तांबडी भूमी आणि वर्षातील चार महिने या दोहोंना एकत्र भिजवून टाकणारा पाऊस, हे या मुलखाचे स्वरूप. ज्या जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळ तालुक्यात, वर्षाकाठी ५०० ते ६०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, त्याच जिल्ह्याच्या या पश्चिम टोकाला तो ५,००० मिलिमीटरांची मर्यादाही ओलांडून जातो. येथील माणसाने इरली विणली, घरांना गवताच्या झड्या बांधल्या, जळण माळ्यावर चढविले आणि पावसाशी आपला करार करून टाकला. परंतु गेल्या काही दशकांत त्याच्या दारी येऊन उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टर नामक यंत्राने मात्र असा कोणताही करार केलेला नव्हता, आणि पुढे जी हकिकत सांगावयाची आहे तिचे मूळ या एका गोष्टीत आहे.

गतवर्षी दिवाळीच्या आधी, भातकापणी आटोपत आलेली आणि कारखान्यांचे बॉयलर पेटण्याची वेळ जवळ येत चाललेली असताना, याच रस्त्यावरील एका लहानशा गॅरेजात मी दोन दिवस बसून होतो. गॅरेज म्हणजे चार खांबांवरचे पत्र्याचे छप्पर, तेलाने काळी पडलेली जमीन, भिंतीला टांगलेले पाने आणि कोपऱ्यात चहासाठी एक स्टोव्ह. तेथे एक साठीच्या घरातील शेतकरी आपला वीस-बावीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर घेऊन आले. गाडी उभी करून खाली उतरताना त्यांनी दोन्ही खांदे चोळले आणि फिर्याद मांडली.

“मिस्त्री, हँडल लई जड लागतंय. अडलेल्या बैलागत करतंय बघा.”

मिस्त्री पस्तिशीचे. त्यांनी पाना उचलला नाही, ट्रॅक्टरकडे पाहिलेसुद्धा नाही, उलट शेतकऱ्यालाच बाकावर बसविले आणि विचारले, “कवा जड लागतंय, मामा? सकाळी थंड असताना, का दुपारी तापल्यावर? रिकाम्या गाडीला, का ट्रॉली भरल्यावर? डावीकडं, का उजवीकडं?”

“उजवीकडं ज्यादा. आन उतारावर गाडी एका अंगाला जाती, सारखं हँडल सावरायला लागतंय. दोन म्हैन्यामागं नवा पंप घातला की वो! चार दिवस बरं वाटलं, परत त्येच.”

“पंप घातला खरं, पंपच आजारी हुता, ह्ये कुणी बघितलं हुतं काय?”

या प्रश्नाला मामांजवळ उत्तर नव्हते. तालुक्याबाहेरील कोणा एका कारागिराने ‘पंप गेला’ असा निकाल दिला होता, पंपाची किंमत घेतली होती आणि जुना पंप मुद्देमाल म्हणून पोत्यात बांधून परत दिला होता. ज्याच्यावर आरोप सिद्ध झालेला नाही अशास दंड करावा आणि खरा अपराधी घरातच मोकळा हिंडू द्यावा, असा हा व्यवहार होता. आणि जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीत हा व्यवहार इतका सर्रास चालतो की, त्यामागे शेतकऱ्याचा किती पैसा वाया जातो याचा हिशेब कोणत्याच दफ्तरात सापडणार नाही.

मामांच्या तोंडी बैलाची उपमा सहज आली, आणि ती यथार्थही होती. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडविला, तेव्हा फाळ बदलला, पण ओढणारा बदलला नाही; बैल तोच राहिला आणि त्याला वळविणारा कासराही तोच राहिला. १९५९ साली फरिदाबादेस भारतातील पहिला ट्रॅक्टर तयार झाला आणि पुढच्या दशकांत बैलाची जागा हळूहळू इंजिन घेऊ लागले, त्या वेळी कासऱ्याच्या जागी एक चक्र आले, ज्यास कोल्हापुरी शेतकरी आजही ‘हँडल’ किंवा ‘स्टेरिंग’ म्हणतो. प्रारंभीच्या ट्रॅक्टरांत हे चक्र दात्यांच्या पेटीमार्फत आणि लोखंडी दांड्यांमार्फत पुढच्या चाकांना जोडलेले असे. चिखलणीच्या रानात केजव्हील लावून दिवसभर गाडी वळविणाऱ्या माणसाच्या दंडांना रात्री शेक द्यावा लागे. पुढे तेलाच्या दाबाने चाके वळविण्याची युक्ती आली. मोटारगाड्यांसाठी फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी अभियंत्याने १९२६ च्या सुमारास ती सिद्ध करून दाखविली होती आणि १९५१ साली ती विक्रीच्या गाडीत आली. शेतीच्या यंत्रांना मात्र लिन चार्लसन या मिनेसोटातील संशोधकाने घडविलेले ते लहानसे उपकरण विशेष मानवले, ज्याला आपले मिस्त्री ‘ऑर्बिट्रोल’ किंवा नुसते ‘युनिट’ म्हणतात.

या रचनेचे मर्म ध्यानात घेतल्यावाचून तिच्या रोगाचे निदान समजणार नाही, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. इंजिनाच्या दात्यांवर चालणारा एक पंप टाकीतले तेल ओढून घेतो आणि दाबाखाली युनिटाकडे पाठवितो. युनिटात एकात एक बसणाऱ्या दोन पोलादी नळ्या असतात, त्यांच्या भिंतींना छिद्रे व खाचा असतात. चक्र स्थिर असताना त्या खाचा अशा रीतीने जुळतात की तेल निमूटपणे टाकीत परत जाते, आणि चक्र किंचित वळविताच आतली नळी बाहेरच्या नळीहून अंशमात्र पुढे सरकते, वाट बदलते व तेल डाव्या किंवा उजव्या बाजूच्या होजमधून पुढच्या ॲक्सलवरील सिलिंडरात शिरते. किती तेल जावे हे मोजण्यासाठी युनिटाच्या तळाशी सहा दात्यांचा एक तारा सात खाचांच्या कड्यात फिरत असतो. जितके चक्र फिरेल तितकेच तेल तो पुढे सोडतो. म्हणजे अशा ट्रॅक्टरात माणसाचा हात आणि जमिनीवरचे चाक यांच्यामध्ये लोखंडाचा एकही सलग दांडा नसतो. असतो तो केवळ तेलाचा एक स्तंभ. कासरा होता तो सुताचा, नंतर झाला लोखंडाचा आणि आता झाला तेलाचा. आणि तेलाच्या या कासऱ्यात हवा किंवा पाणी शिरले, अथवा त्याला कोठे वाट फुटली, की तो तुटत नाही, तर जड होतो.

या स्तंभाचे सामर्थ्य केवढे, हे एका साध्या गणिताने कळते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलने सतराव्या शतकात सांगितलेला सिद्धान्त. सिलिंडराचा आतील व्यास ५० मिलिमीटर धरला, तर दट्ट्याचे क्षेत्र सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर होते; त्यावर १०० बार दाब आला की सुमारे २,००० किलोग्रॅम वजनाइतका रेटा उत्पन्न होतो. परंतु ज्या बाजूने दट्ट्याचा दांडा बाहेर येतो त्या बाजूस दांड्याने जागा अडविलेली असते. तो २५ मिलिमीटर जाडीचा असेल तर उरलेले क्षेत्र १४.७ चौरस सेंटिमीटर, आणि रेटा सुमारे १,५०० किलोग्रॅमांचाच राहतो. एका अंगाला बसविलेल्या अशा एकदांडी सिलिंडरात म्हणूनच डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत चक्राचे जितके फेरे लागतात, तितकेच परतताना लागत नाहीत. हा दोष नव्हे, ही रचना होय; आणि जो कारागीर ही रचना जाणत नाही, तो निरोगी युनिट खोलून बसतो.

आपल्या भाषेत रोगाचे मूळ शोधण्यास ‘निदान’ म्हणतात आणि वैद्यकाच्या प्राचीन ग्रंथांनी त्याची पाच अंगे सांगितली आहेत: हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. रोग कशाने झाला, येण्यापूर्वी कोणती चाहूल लागली, आज कसा दिसतो, कोणता उपाय करून पाहिला असता आराम पडतो, आणि शरीरात त्याचा प्रवास कसा झाला, या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून वैद्याने औषधाच्या बाटलीस हात लावू नये अशी ती शिस्त. त्या ग्रंथांपैकी ‘माधवनिदान’ मिस्त्रींनी पाहिलेले असण्याचा संभव नाही. परंतु त्या दोन दिवसांत त्यांनी जे जे केले, त्यात ही पाचही अंगे मी एकामागून एक पाहिली, आणि शिस्त ही ग्रंथात जन्म घेत नसून कामात जन्म घेते व मग ग्रंथात जाऊन राहते, असा माझा विश्वास दृढ झाला.

प्रथम त्यांनी पाहिल्या त्या बिनखर्चाच्या गोष्टी. पुढच्या टायरांत हवा भरपूर होती. ती कमी असती तरी हँडल जडच लागले असते. मागे ट्रॉली जोडताना पुढे वजने लावता की नाही, हे विचारले. कारण भरल्या ट्रॉलीचा भार हुकावर आला की ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि मग चाके वळतात पण गाडी वळत नाही, त्यास तेलाचा इलाज नाही, वजनाचाच आहे. नंतर पुढच्या ॲक्सलखाली जॅक लावून दोन्ही चाके अधांतरी केली, मागच्या चाकांना दगड लावले, इंजिन बंद ठेवले, सिलिंडराचा दांडा ॲक्सलपासून सोडविला आणि मला म्हणाले, “आता हातानं चाक डावी-उजवीकडं वळवून बघा.” चाक लहान मुलाच्या हातानेही वळावे तसे वळले. चाक ज्या खिळीवर वळते त्या किंगपिनात चिखलणीचा चिखल जाऊन वाळतो, ग्रीस संपते आणि पोलाद पोलादावर घासू लागते. तसे झाले असते तर चाक हातालाही दाद देते ना. ॲक्सल, किंगपिन आणि टायरॉड यांची निर्दोष मुक्तता झाली. अर्ध्या तासाच्या या कामाला एक छदामही लागला नव्हता.

त्यानंतर टाकीचे झाकण उघडले, आणि तेथे प्रथमच मिस्त्रींच्या कपाळावर आठी पडली. तेल ताकासारखे पांढुरके झाले होते. पांढुरक्या तेलाचे दोन अर्थ होतात: त्यात हवा मिसळली असेल, किंवा पाणी. पंपाकडे तेल नेणारा होज जुना होऊन क्लिपेखाली चिरला, की पंप तेलाबरोबर हवाही ओढतो, टाकीत फेस येतो, पंप कुरकुरतो आणि हँडलला झटके बसतात. परंतु असे तेल काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवले, की बुडबुडे वर येऊन निघून जातात व तेल पुन्हा नितळ होते. मिस्त्रींनी बाटली भरली, फळीवर ठेवली आणि चहा मागविला. दुपारचे जेवण झाले तरी बाटलीतले तेल तसेच गढूळ होते. मग त्यांनी स्टोव्ह पेटवून एक जुना तवा तापविला, लाल होऊ न देता उतरवून आचेपासून दूर ठेवला, आणि त्यावर त्या तेलाचे चार थेंब सोडले.

तवा तडतडला. फोडणीत ओली कढीपत्त्याची पाने पडावीत तसा तो आवाज होता, आणि ज्या घरात स्वयंपाक होतो त्या घरातील कोणासही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. निवळ तेल तव्यावर गप्प पसरते. पाणी असेल तरच ते बोलते. मिस्त्रींनी मामांकडे पाहिले, मामांनी टाकीच्या झाकणाकडे पाहिले. झाकणाखालचे रबर केव्हाच गळून गेले होते आणि त्याच्या जागी प्लास्टिकची पिशवी गुंडाळून सुतळीने आवळलेली होती. आषाढ-श्रावणात गोठ्याच्या कडेला, पन्हळीच्या पागोळ्यांखाली ट्रॅक्टर उभा होता. हेतू सापडला होता; परंतु रोगाने मुक्काम कोठे केला आहे हे अद्याप ठरावयाचे होते, कारण टाकीत पाणी आहे एवढ्यावरून कोणता अवयव निकामी झाला हे सिद्ध होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी पंपाच्या वाटेवर दाबाचे गेज बसविले. चक्र एका टोकापर्यंत नेऊन क्षणभर दाबून धरले, की तेलाला जाण्यास वाट उरत नाही आणि गेजाचा काटा, जादा दाब सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या मर्यादेपर्यंत चढतो. ही मर्यादा यंत्रागणिक निराळी, बहुधा १०० ते १५० बारांच्या दरम्यान, आणि ती कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते. “चार-पाच सेकंदांवर धरायचं न्हाई,” मिस्त्री मला म्हणाले, “तेल तापतंय, पंपाचा जीव जातोय.” काटा पुस्तकातल्या आकड्यावर जाऊन उभा राहिला. म्हणजे पंप निर्दोष, रिलीफ व्हॉल्व्हही निर्दोष. काटा दोन्ही बाजूंना खालीच राहिला असता, तर पंप झिजला आहे की व्हॉल्व्हखाली कचरा अडकून तो उघडा राहिला आहे, हे वेगळे करून पाहावे लागले असते. इंजिन मंद असताना जड आणि वेग वाढविताच हलके, असे लक्षण असते तर संशय आधी पंपावर गेला असता.

मग आली ती खरी साक्ष. सिलिंडराकडे जाणारे दोन्ही होज सोडून त्यांची तोंडे पोलादी बुचांनी घट्ट बंद केली आणि इंजिन चालू करून चक्र वळविले. युनिट आतून झिजलेले असेल, तर वाट बंद असतानाही चक्र हाताखाली हळूहळू सरकत राहते. येथे ते भिंतीला टेकावे तसे थांबले. युनिट निर्दोष. होज पुन्हा जोडले, चाके एका टोकापर्यंत वळविली, इंजिन बंद करून दाब उतरू दिला, समोरच्या अंगाचा होज सिलिंडरापासून सोडवून बुजविला, आणि इंजिन मंद सुरू करून चक्र त्याच टोकाकडे हलकेच रेटले. सिलिंडराच्या उघड्या राहिलेल्या तोंडातून तेल येण्याचे काही कारण नव्हते. दट्ट्याच्या एका बाजूचे तेल दुसऱ्या बाजूस जाऊ न देणे हेच त्याच्यावरील सीलचे काम. परंतु त्या तोंडातून तेलाची संथ, अखंड धार खालच्या डब्यात पडू लागली. मामा बराच वेळ त्या धारेकडे पाहत राहिले. दोन महिन्यांपूर्वी जो पैसा पंपावर गेला, तो या धारेबरोबर वाहून गेला होता.

संप्राप्ती आता उलगडली. पाणी टाकीतून तेलात, तेलातून सिलिंडरात गेले. आषाढ-श्रावणात उभ्या राहिलेल्या गाडीत त्याने आतली भिंत गंजविली. त्या खरखरीत भिंतीवर दट्ट्याचे सील घासून फाटले. आणि दाबाखालचे तेल जेथे चाक रेटावयाचे तेथे न राहता पलीकडच्या अंगास झिरपू लागले. म्हणून हँडल जड, म्हणूनच उतारावर गाडी आपोआप एका बाजूला जाते. नव्या पंपाने चार दिवस आराम पडला, तो तेलाचा पुरवठा गळतीहून जरा अधिक झाला म्हणून. फाटक्या पखालीत पाणी ओतण्याचा वेग वाढविला, एवढाच त्याचा अर्थ.

सिलिंडर खोलल्यावर मिस्त्रींनी दांडा कापडाने पुसून माझ्या हाती दिला. “डोळ्यानं बघू नका, नख फिरवा,” ते म्हणाले. आरशासारख्या क्रोमवर अंगठ्याचे नख ओढत नेले आणि वीतभर अंतरावर ते अडकले, पुन्हा अडकले. डोळ्यांना टाचणीच्या टोकाएवढे दिसणारे ते खड्डे, पण सीलच्या रबरी ओठाला ते करवतीसारखे. ते दोन महिने चाके एका बाजूला वळवून गाडी उभी होती, दांडा अर्धा बाहेर होता आणि जेवढा बाहेर होता तेवढाच खाल्ला गेला होता; आत राहिलेला भाग जसाच्या तसा होता. कोठपर्यंत दुर्लक्ष झाले, याची इतकी स्पष्ट रेघ मी क्वचितच पाहिली आहे.

दांडा घासून, नव्याने क्रोम चढवून, पुन्हा घासून आणण्यासाठी मिस्त्री तो कोल्हापुरास शिवाजी उद्यमनगरात घेऊन गेले. म्हादबा मेस्त्रींसारख्या स्वयंशिक्षित कारागिरांनी ज्या शहरात यंत्रविद्येची परंपरा निर्माण केली, तेथील लेथांवर आजही जुन्या ट्रॅक्टरांचे असे अवयव पुन्हा जन्म घेतात; ज्या यंत्राचे सुटे भाग मिळणे दुर्घट होत चालले आहे, त्याच्या मालकाला हा आधार फार मोठा असतो. सिलिंडराची भिंत घोटून घेतली, सीलचा नवा संच बसविला, टाकी व होज धुऊन काढले, फिल्टर बदलला, पुस्तकात सांगितलेल्या जातीचे तेल भरले, झाकणाला नवे रबर लावले. मग पुढची चाके अधांतरी ठेवूनच इंजिन मंद चालवीत चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश अनेकदा फिरविले, अडकलेली हवा टाकीत येऊन फुटू दिली, तेल खाली गेले तसे भरले. युनिटाला मात्र त्यांनी अखेरपर्यंत हात लावला नाही. ते खोलून पुन्हा जोडताना आतल्या ताऱ्याचा आणि दांड्याचा मेळ एका दात्याने जरी चुकला, तरी इंजिन सुरू होताच चक्र आपोआप गरगर फिरू लागते आणि त्यावर हात असेल तर मनगट मोडते; ज्याला त्या खुणा ठाऊक नाहीत त्याने तेथे जाऊ नये, असे त्यांचे स्पष्ट मत.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली, आणि ती येथे लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो. होजला बारीक छिद्र पडले आहे का, हे पाहण्यासाठी हात फिरविण्याची खोड अनेकांना असते. शंभर बारांच्या दाबाने सुटलेली केसाएवढी धार कातडी भेदून आत शिरते. वर केवळ टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही फारसे नाही, आणि आत तेल मांस नासवीत जाते. गळती शोधावयाची ती पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून, आणि दुर्दैवाने धार लागलीच तर जखम लहान दिसते म्हणून घरी न थांबता, तेलाची धार लागली आहे असे सांगून, त्याच घटकेस शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावयाचे. हात गमावणे आणि हात वाचणे यांच्यात कधी कधी काही तासांचेच अंतर असते.

हंगाम सुरू झाला की याच रस्त्यावर उसाने लादलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. कोणी वेसरफच्या कारखान्याकडे निघालेला, कोणी खाली कुडित्र्याच्या कुंभी-कासारीकडे. समोरून एसटी येते, कडेने शाळेची मुले चालतात. अशा वेळी ज्या ट्रॅक्टरचा कासरा उतारावर आपोआप ढिला पडतो, तो केवळ मालकाच्या खांद्यांचा प्रश्न राहत नाही. रस्त्यावरील प्रत्येकाचा प्राण त्या सीलच्या रबरी ओठावर अवलंबून असतो. म्हणून निदानाची ही शिस्त मला कारागिराच्या कौशल्याइतकीच त्याच्या नीतीचीही बाब वाटते. आधी ऐकावे, मग पाहावे, मग बिनखर्चाचे तपासावे, एका वेळी एकच गोष्ट वेगळी काढावी, आणि ज्याचा दोष सिद्ध झाला त्यालाच हात लावावा: गरिबाच्या पैशाची आणि परक्याच्या प्राणाची राखण याच क्रमात आहे.

परंतु निदानाची वेळच येऊ नये म्हणून आधी निगा राखावी, ही शिकवण गगनबावड्याच्या मातीला नवी नाही. बावड्याची जहागीर ज्या घराण्याकडे होती, त्या पंत अमात्यांपैकी रामचंद्रपंतांनी अठराव्या शतकाच्या आरंभी जे ‘आज्ञापत्र’ सिद्ध केले, त्यात राज्यकारभाराच्या थोर तत्त्वांबरोबर गडावरील दारूगोळ्याच्या निगेचीही आज्ञा आहे: दारू सर्द होऊ देऊ नये, ठरावीक दिवसांनी ती बाहेर काढून ऊन द्यावे, आणि पुन्हा बंदोबस्ताने ठेवावी. शत्रू दारात आल्यावर दारू ओली निघाली, तर मग शौर्याचा काय उपयोग, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने जाणले होते. सह्याद्रीच्या पावसात वाढलेल्या राज्याला ओलाव्याचे भय तोफेइतकेच कळत होते. दारूच्या जागी आता तेल आले. ओलावा तोच आहे.

या वर्षी श्रावणात, पाऊस किंचित उसंत घेत असताना, मी मामांच्या वाडीवर गेलो. ट्रॅक्टर पागोळ्यांपासून दूर, नव्या झडीच्या आडोशाला उभा होता. चाके अशा बाजूस वळविलेली होती की सिलिंडराचा दांडा होता होईल तो आत जावा. जेवढा बाहेर होता, त्यावर ग्रीसचा लेप आणि वर फडके बांधलेले. टाकीचे झाकण पक्के बसलेले. मी काही विचारण्यापूर्वीच मामांनी बारीक नळीने टाकीच्या तळातले थोडे तेल एका वाटीत ओढून घेतले आणि चुलीजवळ येऊन तवा मागितला. सूनबाई हसल्या, हा तवा आता याच कामासाठी वेगळा ठेवला आहे, म्हणाल्या. मामांनी तवा तापवून खाली उतरविला, चार थेंब सोडले आणि कान देऊन बसले.

बाहेर गगनगडावर पुन्हा पाऊस कोसळू लागला होता. तव्यावरचे तेल गप्प पसरत गेले.